'पर्निशस' म्हणजे नुसतं 'घातक' नव्हे

ताई, तुमच्या मुलीने इंग्रजी निबंधात 'पर्निशस (pernicious) सायक्लोन' लिहिलं आणि बाईंनी खाली लाल रेघ मारली. डिक्शनरीत तर 'घातक, विनाशकारी' असाच अर्थ आहे, मग चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. अर्थ बरोबर आहे, जागा चुकली.

आम्ही श्रीवर्धनकडचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नाश झाला, पण डोळ्यांदेखत. त्याला 'डिव्हास्टेटिंग' म्हणावं.

आता वाडीतला एक माड सांगतो. त्या वादळातही तो उभा राहिला होता. पुढे एकदा खोडाला बारीक भोक दिसलं, त्यातून तांबूस चिकट पाणी ओघळलेलं. वडिलांनी खोडाला कान लावला तर आत कुरकुर चाललेली. सोंड्या भुंगा! वर झावळ्या हिरव्यागार, आणि आतला गाभा अळ्यांनी खाऊन टाकलेला. थोड्याच दिवसांत शेंडा कलंडला. पर्निशस म्हणतात ते हे: चटकन लक्षात येत नाही, आतून पोखरत जातं आणि शेवटी जीवच घेतं. गेंड्या भुंग्याचं तसं नाही, झावळी उलगडली की त्रिकोणी काप दिसतो, माणूस वेळीच सावध होतो. त्याला 'हार्मफुल' पुरे.

मूळ लॅटिन शब्दातही नाश आहे, आणि त्याच्या पोटात 'नेक्स' म्हणजे हिंसक मृत्यू. म्हणून हा शब्द किरकोळ अपायाला लावू नये. 'पर्निशस ॲनिमिया' हे आजाराचं नाव त्यातूनच आलं. त्यात बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरात तयार होत नाही, म्हणून ते आतड्यात नीट शोषलं जात नाही, आणि १९२६ मध्ये यकृताच्या आहाराचा उपाय सापडेपर्यंत रोगी हळूहळू खंगून जायचा. आज उपचार आहेत, नाव तेच राहिलं.

'डेलिटेरियस' निराळा. तो तब्येतीवरच्या किंवा कशावरच्या तरी वाईट परिणामाबद्दल, जरा शास्त्रीय भाषेत येतो. पर्निशस जास्त करून सवय, अफवा, विचार, संगत यांना लागतो. उच्चारताना जोर 'नि'वर द्यायचा.

मुलीला म्हणावं, वादळाला 'डिव्हास्टेटिंग' लिही. आणि पर्निशस वापरायचाच असेल, तर 'आता कोकणात काही राहिलं नाही' असं घराघरात बोललं जातं ना, ज्याच्यापायी पोरं पोफळीचं रोप लावायलाही तयार नसतात, त्या समजुतीला वापर. तिथे तो नेमका बसेल.