शेवटच्या दिवसांत माणसाजवळ बसताना

ताई, आधी नुसतं बसायला शिका. "काही होत नाही, बरे व्हाल" म्हणू नका. माणूस मनातलं बोलायचंच थांबतो. कोणाला भेटायचं, काय राहिलं, हे शुद्ध असतानाच विचारा.

नवख्यांची मोठी चूक गंगाजलाची. गिळणं थांबल्यावर चमचाभर पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. ओल्या कापसानं ओठ टिपा, तुळशीपत्र ओठांना नुसतं लावा. घशात घरघर लागली तर कुशीवर वळवा.

भजन की त्रिशरण-पंचशील, घरच्यांना विचारा. खंजिरी हळू. कान शेवटपर्यंत ऐकत असू शकतात, म्हणून खाटेजवळ वावराच्या हिस्स्याचं बोलणं नको (निघतंच ते!).

वेदना वाढल्या तर प्रार्थनेवर भागवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.