अण्णांना विचारलंस का?

"ताई, मुलांच्या शाळेला सहा आठवडे सुट्टी. इंग्लंडात, रेडिंगला, दोघांना सुट्टीभर कॅम्पला घालायचं तर माझा निम्मा पगार त्यातच जातो, म्हणून त्यांना घेऊन अमळनेरला सासरी आले. नवरा तिकडेच. मी इथून काम करते, दुपारी दीड ते रात्री दहा. सासूबाई दिवसभर मुलांमागे पळतात, संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. मुलं टॅबला चिकटलेली. मीटिंग चालू असताना धाकटी दार वाजवत राहते आणि मला रडू येतं. सासरे आहेत, पण त्यांना मुलांची सवय नाही."

तुझं पत्र दोन पानांचं आहे आणि त्यात चार-पाच प्रश्न आहेत. मी मात्र या शेवटच्या वाक्यापाशीच अडले. सासरे आहेत, पण. इथंच तर घोडं पेंड खातं!

आधी तुझी बाजू घेते. इंग्लंडच्या शाळा जुलैअखेर बंद होतात, तेव्हा खान्देशातल्या शाळा सुरू होऊन महिना उलटलेला असतो. चुलत भावंडं दप्तर घेऊन निघून जातात आणि तुझी दोघं घरात एकटी पडतात. गावी गेलं की मुलं आपोआप रमतील, असं आपण परदेशात बसून धरून चालतो, आणि पहिल्याच आठवड्यात ते खोटं ठरतं. त्यात तिथले नऊ म्हणजे इथले दीड. सकाळ सगळी तुझी आणि मुलांची, हे उत्तमच. पण दीडनंतरचा सगळा भार एकट्या सासूबाईंवर येतो. स्वयंपाक, आल्यागेल्याचा चहा, वर नऊ आणि पाच वर्षांची दोन नातवंडं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातली घरोघरची देवी कानबाई बसेल, तिच्या नैवेद्याच्या रोटांची तयारी सुरू झाली की त्या बाईला श्वास घ्यायला उसंत मिळणार नाही. तुला रडू येतं यात नवल नाही.

आता थोडं रागावते. "अण्णा सकाळी पेपर वाचतात, मग ओट्यावर बसतात, जेवले की आडवे होतात," असं तू सासऱ्यांबद्दल लिहिलं आहेस. मुलांसाठी तू पुस्तकं आणलीस, लेगोचे डबे आणलेस, सासूबाईंसाठी गुडघ्याचे पट्टे आणलेस. पण घरात धडधाकट बसलेल्या माणसाला "अण्णा, दुपारी मुलांना घेऊन जाल का?" असं एकदा तरी विचारलंस? पत्रभर शोधलं, कुठेच सापडलं नाही. तुझ्या नवऱ्यानेही विचारलेलं दिसत नाही, आणि खरं तर ते त्यानेच विचारायला हवं होतं.

सवय नाही म्हणतेस. कशी असेल? आपल्या घरांमध्ये त्या पिढीच्या पुरुषांचा मुलांशी संबंध फी भरण्यापुरता आणि निकाल पाहण्यापुरता. मुलं मोठी झाली तेव्हा ते ड्युटीवर होते. आता ड्युटी संपली आहे आणि दुपारी चार वाजता त्यांच्यावाचून घरात कुणाचं काही अडत नाही. माणूस ओट्यावर बसणार नाही तर काय करेल?

माझे बाबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. घरात असूनही पाहुण्यासारखे असत. मी बर्मिंगहॅमहून मुलांना घेऊन गेले, तेव्हा आईनेच त्यांना सांगितलं, "पोरांना जरा स्टेशनवर फिरवून आणा, मला पाठ टेकू द्या." पहिल्या दिवशी ते गेले ते कपाळाला आठ्या घालूनच. नंतर रोजचं झालं. बाबांनी पेटीतले जुने झेंडे काढले. हिरवा झेंडा दांडीला कसा घट्ट गुंडाळायचा, सोडताना मनगट कसं फिरवायचं, हे माझा मुलगा त्यांच्याकडे अर्धा-अर्धा तास घोटत बसे. आत्ता गेलेली मालगाडी नागपूरच्या फाट्याला लागली की इटारसीच्या, हे घरी येऊन आईला सांगायचं, हे त्याचं काम. बाबा अहिराणीत बोलायचे, तो इंग्रजीत, आणि महिनाभरात मुलगा कुणी विचारलं की "बरं शे", म्हणजे "बरं आहे", म्हणू लागला. मी लॅपटॉपसमोर होते आणि आई दुपारची झोपत होती. तेव्हापासून ज्या घरात आजोबा आहेत त्या घराचं पत्र आलं, की मी आधी त्यांच्याबद्दल विचारते, आणि विचारत राहणार.

तुझं अमळनेर तर सुरत-भुसावळ मार्गावरच आहे. अण्णांना स्टेशन दे. बाजार दे, पिठाची गिरणी दे. मुलाला हेही सांगायला लाव की विप्रो ही कंपनी 1945 साली याच गावात, वनस्पती तूप करणारा कारखाना म्हणून सुरू झाली. आई दिवसभर ज्या जगात डोकं घालून बसते त्याचा एक धागा आजोबांच्या गावातून निघाला आहे, हे नऊ वर्षांच्या पोराला नक्की आवडेल.

विचारायचं कसं, ते नीट ऐक. "मुलं सांभाळा" असं मोघम म्हणू नकोस, ते घाबरतील आणि सासूबाईंकडे बोट दाखवतील. ठरावीक वेळ आणि ठरावीक काम सांग. "अण्णा, चार ते सहा माझ्या मीटिंगा असतात. या वेळात दोघांना बाहेर न्याल का? येताना दळण आणायचं आहे." दोन तासच. त्यांना बीपी-शुगर असेल तर गोळ्यांच्या वेळा आधी बघ. आणि जायचं ते पायी. एका स्कूटरवर पुढे एक, मागे एक असं मुळीच चालणार नाही, हे सून म्हणून तुला बोलायला जड जात असेल तर नवऱ्याला फोनवर बोलू दे. पहिले दोन-तीन दिवस धाकटी रडत परत येईल. येऊ दे. लगेच "राहू द्या अण्णा" म्हणून सगळं हातातून काढून घेऊ नकोस, ती आपली खोड आहे.

दोन ते साडेतीन घरात सगळ्यांनी आडवं व्हायचं, मुलांनीही, टॅब कपाटात. सासूबाईंनीसुद्धा.

बाकीचं थोडक्यात. मुलाचं गणित मागे पडेल ही काळजी सोड, बाजारात पिशवी धरून हिशेब करेल तेवढा पुरे. "सून घरीच आहे, म्हणजे मोकळी आहे" असं शेजारणी म्हणतात, त्यांना म्हणू दे, पण सासूबाईंना तुझ्या कामाच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला लाव. वीज जाते तर राऊटर इन्व्हर्टरवर घे आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव. नवऱ्याने साडेनऊला, म्हणजे त्याच्या संध्याकाळी पाचला, मुलांना गोष्ट सांगून झोपवायचं. व्हिडिओ कॉलवर ते जमतं, माझ्याकडे जमलं होतं.

आणि भारतातून काम करायची परवानगी तू लेखी घेतली आहेस का? पत्रात फक्त "मॅनेजर हो म्हणाला" एवढंच आहे. यात कराचा प्रश्न असतो, कंपनीच्या डेटाचा असतो. मेल आजच टाक.