जुन्या स्प्लेंडरचा क्लच कडक झालाय, लिव्हर घरी ॲडजस्ट करता येईल का?

प्रश्न: वडिलांची १९९७ ची हिरो होंडा स्प्लेंडर इंदूरमध्ये रोज वापरतो. क्लच कडक लागतो आणि लिव्हर जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी पुढे सरकते. मिस्त्री क्लचच्या प्लेटा बदला म्हणतो. आधी घरी काही करून बघता येईल का?

उत्तर:

येईल, आणि प्लेटांवर खर्च करण्याआधी ते करायलाच हवं. पण तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकत्र सांगताय. लिव्हर कडक असेल तर आधी केबलकडे बघायचं. क्लच उशिरा पकडत असेल तर ढिलीकडे, म्हणजे फ्री प्लेकडे. एक दुरुस्त केल्याने दुसरं आपोआप जाईलच असं नाही.

आधी ढील. इंजिन थंड असताना लिव्हरच्या टोकाला एका बोटाने हलकेच दाबा. सुरुवातीला लिव्हर नुसतीच येते, मग जोर लागायला लागतो. तिथपर्यंतचं अंतर टोकापाशी पट्टीने मोजा, १० ते २० मिलिमीटर हवं. तुमचं वर्णन वाचून वाटतं की तुमच्याकडे ते जवळजवळ शून्य असणार. इंदूरच्या गर्दीत हे फार दिसतं. राजवाड्यापाशी नाहीतर जेल रोडवर गाडी रखडली, गिअर अडायला लागला, की माणूस मिस्त्रीकडे जाऊन म्हणतो, ‘भिया, क्लच जरा टाइट कर दो.’ मिस्त्री वरचा ॲडजस्टर दोन आटे बाहेर काढतो. असं पाच-सहा वेळा झालं की ढील संपते, आणि लिव्हर सोडलेली असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मग प्लेटा घसरतात आणि जळतात.

प्लेटा झिजल्या की ढील वाढते, असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं उलट. प्लेटांचा थर पातळ झाला की त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट दाबाच्या दिशेने सरकते आणि तिच्यामागून क्लच सोडवणारा भाग केबलची ढील खात जातो. ढील वाढते ती केबल ताणल्यामुळे किंवा लिव्हरच्या पिव्हटचं, म्हणजे ती ज्या बोल्टवर फिरते त्याचं, भोक झिजून लांबट झाल्यामुळे. म्हणून कोणी हात न लावता ढील कमी होत चालली असेल, तर मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं.

आता ॲडजस्टमेंट. लिव्हरजवळचं रबर मागे सरकवा, लॉकची चकती सैल करा आणि वरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवा. दोन आटे बाहेर ठेवा, पुढे रस्त्यात थोडंसं कमीजास्त करायला तेवढे पुरतात. मग केबल इंजिनावर जिथे संपते तिथला लॉकनट सैल करून खरी ॲडजस्टमेंट तिथे करा. दहा-बारा नंबरचे पाने बहुतेक पुरतात. टोकाला साधारण १५ मिलिमीटर ढील आली की लॉकनट आवळा. मोठा फरक खाली काढायचा, बारीक वर. जुन्या गाड्यांत वरचा ॲडजस्टर शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर लोंबत असतो, तिथेच तो वाकतो किंवा तुटतो. त्याची फट वर तोंड करून ठेवू नका, पावसाचं पाणी थेट केबलमध्ये उतरतं.

यानंतर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ढील पुन्हा बघा. हे कोणी करत नाही. केबल चुकीच्या वाटेने नेली असेल तर हँडल वळवल्यावर ती ताणते, आणि गल्लीत गाडी वळवताना क्लच अर्धा सुटतो.

कडकपणासाठी केबल इंजिनाकडून सोडवा. आता नुसती लिव्हर हलवून बघा, ती सैल फिरायला हवी. अडत असेल तर पिव्हटचा बोल्ट काढून पुसा आणि ग्रीस लावा. मग आतली तार हाताने मागेपुढे ओढा. खरखर लागली, कुठे अडकली किंवा टोकाच्या धातूच्या गोळीपाशी एखादा धागा तुटलेला दिसला, तर तेल पाजत बसू नका, केबलच बदला. धागे एकेक करून तुटतात आणि शेवटचा नेमका सिग्नलवर तुटतो. तार साबूत असेल तर वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात पातळ तेल घाला आणि केबल रात्रभर टांगून ठेवा. खालून स्वच्छ तेल ठिबकलं की झालं. लिव्हर आणि केबल दोन्ही सैल असतील, तर मग दोष बहुतेक इंजिनावरच्या क्लच आर्ममध्ये, म्हणजे केबल जो दांडा ओढते त्यात.

लिव्हरची जागाही बघा. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून ती अशी फिरवा की बसल्यावर मनगट न वाकता बोटं सरळ तिच्यावर पडतील. वडिलांच्या उंचीला लावलेली लिव्हर तुम्हाला उगाच कडक वाटत असेल. बाजारातली स्वस्त लिव्हर घेताना जुनी सोबत न्या. पिव्हट आणि केबलच्या गोळीतलं अंतर थोडं वेगळं असलं तरी लागणारा जोर बदलतो.

ऑइल कोणतं घालताय? या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. कारचं, घर्षण कमी करणारं ऑइल घातलं तर चांगल्या प्लेटाही घसरतात. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) लिहिलेलं हवं, ती अशा ऑइलमध्ये फिरणाऱ्या क्लचसाठीची खूण.

शेवटी घसरणीची परीक्षा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा. आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतोय. ओंकारेश्वरला जात असाल तर परत येताना भेरूघाटाच्या चढावर हे न विचारता कळतं. ढील बरोबर आणि ऑइल बरोबर असूनही घसरत असेल, तर प्लेटा आणि स्प्रिंगा दोन्ही बदला. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवायला सांगा. त्या जाड असल्याने ढील वाढलेली असेल, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच पट्टीने मोजा. नवी केबलही टाकली असेल तर आठवड्याभराने पुन्हा एकदा, कारण ती सुरुवातीला थोडी बसते.