दसऱ्यापासून गच्चीवर येणारा, शेपटी थरथरवणारा पक्षी कोणता? तांदूळ ठेवले तरी खात का नाही?

चिमणीएवढा, वरून काळा, पोट विटकरी आणि बसल्या जागी शेपटी थरथर कापते म्हणता, म्हणजे हा थिरथिरा. नर. शेजारी म्हणतात तो चीरक नव्हे. चीरक शेपूट उभारून मिरवतो. याची खालीच असते, नुसती थरथरते, आणि मध्येच एक कुर्निसात घातल्यासारखा तो झुकतो. थंडीने कापतोय असं वाटून तुम्हाला दया आली, पण ती त्याची खोडच आहे. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे, अडीच ते पाच हजार मीटर उंचीवर, दगडांच्या कपारीत नाहीतर घराच्या भिंतीतल्या भोकात संसार थाटणाऱ्याला आपली थंडी ती काय!

तांदळाचं म्हणाल तर तो दाणे टिपणारा नाहीच. किडे, मुंग्या, कोळी, अळ्या, फार तर एखादं बारीक फळ. आमच्या वाईच्या घरामागे दगडी कुंपण आहे, तिथे दर हिवाळ्यात एक असतो. कुंपणावर बसून खाली टक लावायची, धप्पकन उतरायचं, काहीतरी उचलायचं, परत वर. एकदा त्याने हिरवी अळी दगडावर डावी-उजवीकडे इतकी आपटली की मी चहा प्यायचा विसरलो. गिळल्यावर चोच दगडाला पुसली, आणि पुन्हा थरथर सुरू.

एकटाच दिसतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. इथे प्रत्येकाचा आपापला इलाखा असतो आणि त्यात दुसरा थिरथिरा खपत नाही. आमच्या स्कूटरच्या आरशातल्या ‘दुसऱ्या’शी त्याचं रोज भांडण व्हायचं. आरशाची काय दशा व्हायची ते विचारू नका. शेवटी मी त्यावर जुना मोजा चढवला. पुढच्या वर्षी याच गच्चीवर तोच परत येऊ शकतो, या पक्ष्यांना जुनी जागा चांगली लक्षात राहते.

मळकट तपकिरी, तांबूस शेपटीचा दिसला तर ती मादी समजा.

गाणं मात्र इथे क्वचितच. आपल्या वाट्याला ‘टिक् टिक्’. खरं गाणं तिकडे, विणीच्या दिवसांत, आणि त्यातही मध्येच खडी घासल्यासारखी खरखर!

तांदूळ उचला, नाहीतर कबुतरं जमतील. उथळ ताटलीत पाणी ठेवा. कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका, एका कोपऱ्यात वाळका पाला राहू द्या, त्याचं जेवण तिथेच आहे. गुढीपाडव्याच्या आसपास एका सकाळी तो दिसणार नाही. शोधू नका, मांजरालाही बोल लावू नका. हे पक्षी बहुतेक रात्रीच निघतात.