रेफ्री कोण होता?

प्रश्न : माझा नातू नेरूळला फुटबॉल शिकतो. त्याचे सर म्हणाले, पहिल्या महायुद्धात नाताळला इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन मॅच खेळले, जर्मन ३-२ जिंकले. नातू विचारतोय, रेफ्री कोण होता? अशी मॅच खरंच झाली का?
— एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, पोरगा आमच्या जातकुळीतला दिसतो. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर मी बरीच वर्षं शिट्टी फुंकली. कुणी स्कोअर सांगितला की मीही आधी हेच विचारतो.

१९१४च्या नाताळात बेल्जियम-फ्रान्सच्या आघाडीवर अनेक ठिकाणी गोळीबार थांबला, हे पक्कं. ३-२ हा आकडा १ जानेवारी १९१५च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एका लष्करी डॉक्टरच्या पत्रात आहे. योहानेस नीमान या जर्मनीच्या सॅक्सनी भागातल्या लेफ्टनंटनेही पुढे तोच सांगितला. टोप्या ठेवून केलेले गोलपोस्ट, खाली गोठलेली जमीन. वाऱ्याने स्कॉटिश सैनिकांचे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे झगे, उडाले, आत काहीच नाही हे दिसलं आणि जर्मन खो खो हसत सुटले! तासाभराने वरिष्ठांना कळलं आणि खेळ बंद झाला. झग्याची गोष्ट कुणी मुद्दाम रचेल असं मला वाटत नाही.

पण बेल्जियममधल्या वुल्व्हर्गेमला खेळलेला इंग्रज सैनिक अर्नी विल्यम्स म्हातारपणी म्हणाला, रेफ्री नव्हता, स्कोअरही नव्हता, दोनेकशे जण नुसते चेंडूमागे धावत होते. मला हे जास्त पटतं. दोनशे जणांत ऑफसाइड कुणाचा बघायचा? तेव्हा खेळले हे खरं, ३-२ वर मात्र मी सही करणार नाही.

सरांनी बहुधा गाळलेली गोष्ट म्हणजे, त्या दिवसाचा बराच वेळ प्रेतं पुरण्यात गेला. दोन्ही खंदकांच्या मधल्या पट्ट्यात ती कित्येक दिवस पडून होती, आणायला जाणाऱ्यालाच गोळी लागायची. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या बाजूला आपले गढवाल रायफल्सवाले होते. त्यांना नाताळ कसला, पण तेही बाहेर येऊन जर्मनांना भेटले. काही ठिकाणी त्या दिवशीही गोळ्या चालल्या, माणसं मेली.

पुढच्या वर्षी वरून सक्त मनाई आली. तरीही १९१५च्या नाताळला स्कॉट्स गार्ड्सच्या इयन कोल्हून या कॅप्टनने मृतांना पुरायला थोडा वेळ दिला. त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं, ताकीद मिळाली. नातवाला म्हणावं, शिट्टी वाजली ती तिथे.