लॉटरी चालते, मग मोबाईलवरचा जुगार का नको?

प्रश्न : ताई, मी अहमदपूर तालुक्यातला. लातूरला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण राज्याची लॉटरी चालते, मुंबई-पुण्यात घोड्यांच्या शर्यती चालतात, गोव्यात कॅसिनो चालतात. रमीला तर सुप्रीम कोर्टानंच कौशल्याचा खेळ म्हटलंय. बंदी घातली तरी लोक चोरून खेळणारच. मग कायदेशीर करून नियम लावावेत, कर घ्यावा, असं मला वाटतं. तुमचं मत काय?
– एक वाचक, ता. अहमदपूर

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे. हा धंदा कायदेशीर करू नये. खेळून हरलेल्या माणसाला मात्र गुन्हेगार ठरवू नये. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं हेच केलंय, म्हणून मी त्याच्या बाजूची आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, तो भाग वेगळा.

आधी रमीचं बघू. तुम्ही म्हणता तो निकाल १९६७ चा, आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या प्रकरणातला. रमीत कौशल्य जास्त लागतं, हे कोर्टानं मान्य केलं. पण त्याच निकालात असंही आहे, की क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. जाहिराती करणाऱ्यांनी पहिलं वाक्य गावोगाव पोचवलं आणि दुसरं खिशात ठेवलं. ॲपचा सगळा धंदा त्या दुसऱ्या वाक्यातच येतो.

हिशेब करून पाहा. समजा, सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. डाव १०० रुपयांचा आणि कंपनीचा वाटा दहा टक्के. एका डावात ६०० जमतात, ६० कंपनीला जातात, जिंकणाऱ्याला ५४० मिळतात. शंभर डाव झाले की कंपनीकडं ६,००० गेले, म्हणजे सहाही जणांनी आणलेले सगळे पैसे. डाव तीन मिनिटांचा धरला, तर याला पाच तास लागतात. मधे कुणी हरून उठला तर त्याच्या जागी दुसरा बसतो. खेळणारे कितीही हुशार असोत, मेजावरच्या पैशाला रात्रभर गळती लागलेलीच असते.

मी उदगीरला बँकेच्या शाखेत होते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, खात्यावर जमा व्हायची आणि माणसं रब्बीच्या बियाण्यासाठी पैसे काढायला यायची. शेवटच्या काही वर्षांत खाते उताऱ्यांवर एक वेगळीच रांग दिसायला लागली. रात्री साडेअकराला ५००, बारा वाजता पुन्हा ५००, मग १,०००, मग २,०००, पहाटे दोनपर्यंत तसंच. मधेच ८०० रुपये जमा झालेले. ते ८०० बघून माणूस पुढचे तीन हजार घालवायचा. पगारदार हरला तर पहिल्या तारखेला पुन्हा पगार येतो. आमच्या भागात पट्टी वर्षात एकदा, फार तर दोनदा. त्यातच सोसायटीचं नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं), हरभऱ्याचं बी, पोरांची फी आणि घरातलं एखादं दुखणं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल तर काम करायच्या आधी हातात येते. ती मोबाईलवर गेली, तर नवरा-बायकोनं कोयता चालवायचा तो हरलेल्या पैशासाठी. म्हणून ‘सज्ञान माणूस आहे, त्याचा पैसा आहे’ हा युक्तिवाद मला आमच्याकडं पटत नाही. तो पैसा त्याच्या एकट्याचा नसतो.

नियम लावून चालवा म्हणता, तर ब्रिटनकडं बघा. तिथं २००५ च्या कायद्यानं परवाने देऊन हे सगळं चालतं. पण क्रेडिट कार्डावर, म्हणजे उधारीवर, जुगार खेळायला मनाई व्हायला तिथं २०२० साल उजाडलं. ऑनलाइन स्लॉटच्या एका फेरीला जास्तीत जास्त पाच पौंडांची मर्यादा २०२५ मध्ये आली. एवढ्या साध्या गोष्टींना सक्षम यंत्रणा असलेल्या देशात इतकी वर्षं लागतात, कारण धंदा एकदा कायदेशीर झाला की प्रत्येक नियमापुढं त्याचे वकील उभे राहतात. गोव्याचं उदाहरण तर तुमच्या विरुद्धच जातं. २०२० पासून तिथल्या सरकारनं गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केलीय. बाहेरच्यांच्या पैशावर कर चालतो, आपली माणसं मात्र तिथं नकोत.

कराचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला होता. म्हणजे तिजोरीत पैसा येत होता, पण तो हरणाऱ्यांच्या घरातून. त्यातून रस्ता झाला तरी त्या घराला त्याचं काय?

लॉटरी मलाही पसंत नाही. १९६९ पासून राज्य ती चालवतं म्हणून ती चांगली ठरत नाही. पण कागदी तिकीट घेतल्यावर सोडतीची वाट बघावी लागते. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या सलग चाळीस तिकिटं कुणी काढत नाही.

चोरून खेळतात, हे खरं. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, तरी मटका चाललाच. पण मटक्याला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं. तिथं चुलता दिसायचा, मास्तर दिसायचे. ओपन-क्लोजची, म्हणजे आकडा फुटायची, वेळ ठरलेली असायची. बंदीनं जुगार संपत नाही. पण मग त्याला क्रिकेटच्या सामन्यात जाहिरात करता येत नाही, नावाजलेल्या खेळाडूचा चेहरा वापरता येत नाही, बोनसचं आमिष उघड दाखवता येत नाही. तुमच्या वसतिगृहातल्या एकोणीस वर्षांच्या पोरासाठी एवढा अडथळासुद्धा फार मोलाचा आहे.

प्रश्न : ताई, माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, मोबाईलच्या खेळात सोयाबीनचे सगळे पैसे घालवले. लोनच्या ॲपवरनं पण उचललेत, ते लोक धमक्या देतात. माझ्या नावावरचं बचत गटाचं कर्जही त्यातच गेलं. केस होईल म्हणून ते कुणाला सांगू देत नाहीत. भावजी म्हणतात, गंठण मोडून एकदाचं फेडून टाका. काय करू?
– एक बहीण, ता. माजलगाव

उत्तर : ताई, गंठण मोडू नका. निदान आत्ता नको. देणं एकदम फिटलं की माणसाला हलकं वाटतं आणि मोबाईल पुन्हा हातात येतो. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. आधी पैशाची वाट बंद करा. दोघं मिळून शाखेत जा, त्यांच्या खात्याची यूपीआय सेवा बंद करायचा अर्ज द्या, एटीएम कार्ड तुमच्याकडं घ्या. पुढची पट्टी तुमच्या खात्यावर यावी असं आडत्याला दोघांनी सांगा. त्यांना हे कमीपणाचं वाटेल. वाटू द्या, पण चारचौघांत बोलून दाखवू नका.

केसची भीती काढून टाका. नुसतं खेळलं म्हणून नव्या कायद्यात शिक्षा नाही. गावातला कुणी ‘सट्ट्याचे बाकी आहेत’ म्हणून दारात येत असेल, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं पैजेचा व्यवहार रद्दबातल असतो. त्या पैशासाठी त्याला कोर्टात जाता येत नाही. लोन ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील, तर मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. धमकीला घाबरून दुसऱ्या ॲपवरून उचलू नका. बचत गटाच्या अध्यक्षांना मात्र स्वतः जाऊन खरं सांगा. बाया रागावतील, पण हप्ते पाडून द्यायला तयार होतात.

आणि हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन नोंदवलेलं आहे. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, तिथं मानसोपचाराच्या ओपीडीत त्यांना न्या. जाणं जमेपर्यंत १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसुद्धा त्यावर बोला.

एक गोष्ट आजच करा. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून काढून भावजींकडं कुलपात ठेवा. ‘आता जगून काय करू’ असं ते बोलले, तर त्याला नुसतं बोलणं समजू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : ताई, मित्र म्हणतो, तुझं बँक खातं आणि सिम कार्ड वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो. गेमिंगचे पैसे फिरवायचेत, बाकी काही नाही. देऊ का?
– विद्यार्थी, परभणी

उत्तर : नाही. बंदीनंतर बाहेर देशांतल्या साइटना इथं पैसे गोळा करायला दुसऱ्यांची खाती लागतात, म्हणून ही मागणी आलीय. त्याच खात्यातून फसवणुकीचेही पैसे फिरतात. लुबाडला गेलेला माणूस दुसऱ्या राज्यात तक्रार करतो, खातं गोठतं आणि नोटीस तुमच्या नावानं येते. वडिलांनी पाठवलेली खोलीभाड्याची रक्कमही त्यात अडकते. पुढं नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला हे आडवं येईल ते वेगळंच.

पासबुक, सिम आधीच देऊन बसला असाल, तर उद्या सकाळी बँक उघडताच शाखेत जा. खात्यातले व्यवहार थांबवायचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. सिम कंपनीच्या दुकानातून बंद करून घ्या. मग वडिलांना सोबत घेऊन सायबर पोलिसांकडं जा आणि त्या मित्राचे सगळे मेसेज दाखवा.