अलिबागच्या किनाऱ्यावर मिळालेल्या दगडात बारीक शंख आणि कणीएवढे पांढरे दाणे दिसतात. हे सागरी जीवाश्म आहेत का? कसं ओळखायचं?

आधी रंग बघा. दगड काळा, जड आणि नुसते पांढरे ठिपके असतील तर तो बेसाल्ट. हा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ठिपके म्हणजे लाव्हात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या, मागाहून खनिजांनी भरलेल्या. (मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळालेत, पण ते गोड्या पाण्यातले.)

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी अशाच एका दगडावर व्हिनेगर टाकलं. फसफसलं! शिंपला सापडला म्हणून तो दगड दोन वर्षं टेबलावर मिरवला. मग सरांनी भिंग हातात दिलं, तर आत साखरेसारखे स्फटिक, कॅल्साइट नावाच्या खनिजाचे. शिंपला काय आणि कॅल्साइट काय, रसायन एकच, त्यामुळे दोन्ही फसफसतात. तेव्हा लिंबू-व्हिनेगरवर विसंबू नका, आकार बघा.

तुम्हाला शंखही दिसतायत, म्हणजे तुमचा दगड बहुतेक तपकिरी आणि खरखरीत असणार. तसा असेल तर तो बीचरॉक. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाण्यातला चुना वाळूच्या कणांमध्ये साठतो आणि पुळणीचाच दगड होतो. याला फार काळ लागतोच असं नाही. जगात काही ठिकाणी बीचरॉकमध्ये चक्क काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्यात.

आता ते दाणे. दगड ओला करा, दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि दगड भिंगाकडे आणा. (सगळे उलट करतात.) बिनआकाराचा तुकडा दिसला तर ती शिंपल्याची कच. पण दाण्यावर आखल्यासारख्या रेषा आणि त्यांनी पाडलेले कप्पे दिसले, तर ते फोरामिनिफेरा असू शकतात. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो आणि वाढेल तसा नवा कप्पा जोडत जातो. काहींचे कप्पे गोगलगाईच्या शंखासारखे वळत जातात. मिलिओलिड गटातले मात्र तांदळासारखे लांबट आणि चिनी मातीच्या कपासारखे चकचकीत. बहुतेक एक मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे तुमचे दाणे खरंच कणीएवढे असतील तर त्यात कचच जास्त निघेल.

जीवाश्म म्हणायचं का? साधारण १०,००० वर्षांहून जुनं असेल तरच तसं म्हणायचा प्रघात आहे, आणि बीचरॉक सहसा त्याहून तरुण असतो. खरे, जुने मिलिओलिड बघायचे तर पोरबंदरी दगड बघा. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींना तो वापरलाय आणि त्याचं शास्त्रीय नावच मिलिओलाइट.

फोटो टाकलात तर नक्की सांगता येईल. उजेड बाजूने पडू द्या आणि मापासाठी शेजारी मोहरीचा एक दाणा ठेवा.